नाव सांग, रंग सांग

उज्जैनमधल्या देवास गेटच्या बस स्टँडभोवतीच्या भिंतींवर आणि खांबांवर थंडी ओसरायच्या आधीच ‘प्रवेश प्रारंभ’चे फलक लागतात. मध्य प्रदेशात शाळांचं नवं सत्र 1 एप्रिलला उघडतं. महाराष्ट्रातले नातेवाईक जूनची तयारी करत असतात तेव्हा उज्जैनमधल्या लहानग्यांची शाळा सुरू होऊन उन्हाळ्याची सुट्टीही लागलेली असते. एका बाजूला रेल्वे स्टेशन, समोर बस स्टँड, जवळच माधव कॉलेज, मधे लॉज आणि पोहे-जलेबीची दुकानं, रुळांच्या पलीकडे फ्रीगंज. महाकालच्या दर्शनाला आलेला माणूस इथे उतरतो आणि लगेच पुढे जातो. मागच्या गल्ल्यांत राहणारी माणसं मात्र कायमची आहेत: दुकानदार, रेल्वेतले कर्मचारी, बँकेतले कारकून, शिकवण्या घेणाऱ्या बाया, आणि त्यांच्यातच पिढ्यानपिढ्या इथे रुजलेली मराठी घरं. शिंद्यांची राजधानी 1810 पर्यंत याच शहरात होती. महाकालाचं आजचं मंदिर अठराव्या शतकात उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. 2011च्या जनगणनेत मध्य प्रदेशात 12 लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली.

अशा घरातलं तीन-चार वर्षांचं मूल एका दिवसात तीन भाषांतून जातं. आजीशी मराठी, गल्लीत माळव्याची हिंदी, आणि शाळेच्या दारात इंग्रजी. त्या दारात त्याची जी तपासणी होते तिच्याबद्दल पालकांना काय वाटतं, हा या लेखाचा विषय आहे.

आधी तिथे काय होतं ते सांगतो. जन्मदाखला, आधार आणि राज्याचा समग्र आयडी जोडून फॉर्म दिला की काही शाळा फक्त कागद पाहून पावती फाडतात. काही शाळा एक तारीख देतात. त्या दिवशी आई, वडील आणि मूल तिघांनी यायचं. टेबलावर रंगीत ठोकळे, चित्रांचं पुस्तक, कधी चॉकलेटची वाटी. मुलाला नाव विचारतात, रंग विचारतात, नाक-डोळे कुठे आहेत ते दाखवायला सांगतात, एखादी राइम म्हणायला लावतात. वडिलांना नोकरी विचारतात, आईला शिक्षण. दहा मिनिटांत सगळं उरकतं. याला शाळा मुलाखत म्हणत नाहीत, परीक्षा तर नाहीच. ‘इंटरॅक्शन’ म्हणतात. दोन-चार दिवसांनी यादी लागते किंवा फोन येतो.

या दहा मिनिटांबद्दलची वाक्यं कुठल्याही ओट्यावर ऐकू येतात. घरी दिवसभर बडबड करतो, तिथे तोंड उघडेना. बाकीची मुलं सगळं सांगत होती. लाल रंग त्याला येतो, ‘रेड’ येत नाही. आमचंच शिक्षण विचारलं, मुलाला काही विचारलंच नाही. या वाक्यांत राग कमी असतो आणि शरम जास्त. मुलाने आपल्याला खाली पाहायला लावलं अशी ती शरम असते, आणि मला ती या सगळ्या व्यवहारातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते. चार वर्षांच्या मुलाला आपण नापास झालो हे कळत नाही. आईला कळतं. परतीच्या रिक्षात तिचा आवाज बदललेला असतो आणि तो बदल मुलाला पक्का कळतो.

आता कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याचं कलम 13 सांगतं की प्रवेश देताना कुठल्याही शाळेने देणगी घ्यायची नाही आणि मुलाला किंवा त्याच्या पालकांना कुठल्याही चाळणीतून जायला लावायचं नाही. चाळणी लावली तर पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत. चाळणी म्हणजे काय तेही कायद्यात आहे: चिठ्ठ्या टाकण्यासारखी निव्वळ योगायोगाची पद्धत सोडून, एका मुलाला दुसऱ्यापेक्षा वर धरणारी प्रवेशाची कोणतीही रीत. पालकांना प्रश्न विचारणंही यात आलं. हे कळल्यावर बहुतेक पालक चकित होतात. आपल्याला पगार विचारला गेला तो बेकायदा होता, ही शक्यता त्यांच्या मनात आलेलीच नसते.

पण कायद्याला एक भोक आहे, आणि सगळी वाहतूक त्या भोकातून चालते. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. आपल्या शहरांत मूल शाळेत शिरतं ते नर्सरीत, तीन वर्षांचं असताना. पहिलीत बाहेरून फारच थोडी मुलं येतात, बाकीचा वर्ग नर्सरीतच भरलेला असतो. दिल्ली उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला तेव्हा फेब्रुवारी 2013 मध्ये न्यायालयाने म्हटलं की दुर्बल आणि वंचित घटकांच्या 25 टक्के जागा सोडल्या तर नर्सरीच्या प्रवेशाला हा कायदा लागू होत नाही. त्याच निकालात, नर्सरीलाही तो लागू करण्याचा विचार सरकारने करावा, असंही सुचवलं. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला जे संरक्षण आहे ते तीन वर्षांच्या मुलाला नाही, आणि तीन वर्षांच्यालाच त्याची गरज जास्त.

नर्सरीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात ही शिफारस तर या कायद्याहून जुनी. आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याबद्दल जे भाषण केलं, त्यातून पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 1993च्या तिच्या अहवालात बालवर्गाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्या आणि मुलाखती रद्द कराव्यात असं स्पष्ट म्हटलं आहे. वाचन-लेखन-आकड्यांचा वेळेआधी केलेला भडिमार हा मुलांवरचा अत्याचार आहे, असाही त्या अहवालाचा सूर होता. त्या वर्षी नर्सरीत असलेली मुलं आज स्वतः नर्सरीच्या मुलांचे आईबाप आहेत.

मग पालक हे का सोसतात? त्यांचं सगळ्यांचं एकच मत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अनेकांना अशी तपासणी हवी असते. एक विचार असा: जी शाळा निवडून घेते ती चांगली शाळा. कुणालाही घेणाऱ्या शाळेत आपल्या मुलाला घालायचं कशाला? दुसरा विचार उघड बोलला जात नाही, पण असतो. वर्गात ‘तशी’ मुलं नकोत. ‘तशी’ म्हणजे उशिरा बोलणारी, एका जागी न बसणारी, ज्यांच्या घरात कुणी शिकलेलं नाही अशी. हा विचार मला मान्य नाही, पण त्याच्या मागची भीती खरी आहे. वर्षाची फी भरताना घराचा कणा वाकतो आणि त्या पैशाचं मुलाला काही मिळेल ना, ही धास्ती माणसाला कठोर करते. ज्यांचं मूल पटापट उत्तरं देतं त्यांना तर तक्रार करायचं कारणच नसतं.

तिसरा एक गट आहे, बहुतेक आयांचा, आणि त्यांचं म्हणणं मला सर्वांत जास्त पटतं. त्यांना यादीशी फारसं देणंघेणं नसतं. शिकवणारी बाई आपल्या मुलाकडे दहा मिनिटं नीट पाहणार आहे, तर तिने काय पाहिलं ते आम्हाला सांगावं, एवढंच त्यांना हवं असतं. तो डावखुरा आहे का, त्याला नीट ऐकू येतं का, तो इतर मुलांना घाबरतो का. हे कुणी सांगत नाही. हातात फक्त हो किंवा नाही येतं.

या ‘हो किंवा नाही’ची मुळं कुठे आहेत ते पाहिलं की चीड येते, कारण सुरुवात अगदी उलट्या हेतूने झाली होती. फ्रान्समध्ये 1904 साली सरकारने एक आयोग नेमला. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना वेगळं, जास्तीचं शिकवायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्यातून आल्फ्रेड बिने आणि थेओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं यासाठी ती नव्हती. कुणाला जास्त मदत द्यायची यासाठी होती. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी राशी आहे असं मानणाऱ्यांवर बिनेने 1909च्या पुस्तकात कडक टीका केली. तो 1911 साली वारला. पाच वर्षांनी अमेरिकेत लुईस टर्मनने त्याच्या श्रेणीची नवी आवृत्ती काढली, बुद्ध्यंकाचा आकडा प्रचारात आला, आणि मदतीसाठी बनवलेलं साधन निवडीसाठी वापरलं जाऊ लागलं.

टर्मनच्या 1916च्या श्रेणीत तीन वर्षांच्या मुलासाठी कोणती कामं होती? शरीराचे अवयव दाखवणं, ओळखीच्या वस्तूंची नावं सांगणं, स्वतःचं आडनाव सांगणं. चार वर्षांच्यासाठी चार नाणी मोजणं, चौकोन पाहून काढणं. पाच वर्षांच्यासाठी रंग ओळखणं. शाळेच्या टेबलावरचे प्रश्न हेच आहेत. नाव सांग, नाक दाखव, रंग सांग, मोज. शंभराहून जास्त वर्षांचा प्रवास करून ते आपल्या दारात आले आहेत, पण येताना त्यांची शिस्त वाटेत गळून पडली. मूळ पद्धतीत तपासणाऱ्याने आधी मुलाशी मैत्री करायची असते. खोली शांत हवी. एका उत्तरावरून निष्कर्ष काढायचा नसतो. तीन वर्षांच्या मुलाला पाच वर्षांचा प्रश्न हुकला तर ते मागे आहे असं मानायचं नसतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रश्न मुलाच्या भाषेत विचारायचा असतो.

भाषेचं हे काम मराठीत फार लवकर झालं, हे आपल्यातल्या थोड्यांनाच माहीत आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेच्या श्रेणीची नवी रचना केली. तिच्यावरचा त्यांचा शोधनिबंध 1934 साली इंग्लंडमधल्या शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि 1940 मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं पुस्तक निघालं. परदेशी प्रश्न नुसते मराठीत आणून भागत नाही, इथल्या मुलांना ते विचारून पाहावे लागतात, कोणत्या वयाला काय येतं ते नव्याने ठरवावं लागतं, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं. बिने-कामत चाचणी आजही देशभरातल्या रुग्णालयांत वापरली जाते. पुढे नागपूरला डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी श्रेणी बसवली. 1969च्या सुमाराची ही चाचणी सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि तीही हिंदी-मराठीत घेता येते. म्हणजे मराठी मुलाला मराठीत तपासायची सोय आपल्याकडे नव्वद वर्षांपासून आहे. तरी देवास गेटजवळच्या मराठी घरातलं मूल तपासलं जातं ते त्याच्या तिसऱ्या भाषेत, आणि जे मोजलं जातं ते त्याच्या घरात किती इंग्रजी आहे एवढंच. ‘लाल’ माहीत असलेल्या मुलाला रंग येत नाहीत असं लिहिणं हे खोटं लिहिणं आहे.

दुसरी चूक वयाची. नर्सरीच्या एकाच वर्गात तीन वर्षं पूर्ण झालेलं मूल असतं आणि चौथ्याला महिना उरलेलं मूलही असतं. अकरा महिन्यांचं हे अंतर धाकट्याच्या आयुष्याचा जवळपास तिसरा हिस्सा आहे. त्या काळात मूल छोट्या वाक्यांवरून गोष्ट सांगण्यापर्यंत जातं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने 2019 साली देशातल्या 26 ग्रामीण जिल्ह्यांत चार ते आठ वर्षांच्या मुलांना घरी जाऊन भेटून पाहिलं. पहिलीच्या एकाच वर्गात पाच वर्षांची मुलंही होती आणि सात-आठ वर्षांचीही, आणि वयाने मोठी मुलं जवळजवळ सगळ्याच कामांत पुढे होती. मोठं असणं म्हणजे हुशार असणं नव्हे, हे कुठलीही आजी सांगेल. दारातल्या तपासणीत मात्र ते दोन्ही एकच होऊन जातं.

आणि समजा, तपासणी अगदी नीट, मुलाच्या भाषेत, त्याच्या वयाचा विचार करून घेतली, तर पुढचं किती कळेल? अमेरिकेतल्या कॅरन ला पॅरो आणि रॉबर्ट पियांटा यांनी 2000 साली सत्तर अभ्यास एकत्र करून याचं उत्तर शोधलं. शाळापूर्व वयातल्या बौद्धिक चाचण्यांवरून पहिली-दुसरीतल्या मुलांच्या कामगिरीतला सुमारे एक चतुर्थांश फरकच समजावता येतो, आणि वागणूक व मिसळण्याच्या बाबतीत तर एक दशांश किंवा त्याहूनही कमी. बाकी सगळं शाळेत, घरात आणि मधल्या काळात घडतं. हे तज्ज्ञांनी घेतलेल्या रीतसर चाचण्यांचं झालं. चॉकलेटच्या वाटीसमोरच्या दहा मिनिटांचा हिशेब आपणच करावा.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं उदाहरण अशा वेळी हमखास निघतं. 1962 मध्ये डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी ती स्थापन केली, 1969 पासून तिची प्रशाला आहे, आणि तिथे पाचवीत प्रवेश देताना बुद्धिमापन होतं. प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणावर त्या संस्थेत गंभीर संशोधन झालं आहे. पण ते मूल दहा वर्षांचं असतं. त्याला चाचणी म्हणजे काय ते कळतं, नको असेल तर ते तसं सांगू शकतं, आणि प्रवेश नाही मिळाला तर त्याची आधीची शाळा असतेच. तीन वर्षांच्या मुलाजवळ यातलं काहीच नसतं. तिथली परीक्षा मान्य असलेल्या पालकालाही नर्सरीच्या दारातल्या तपासणीविरुद्ध बोलायला काहीच अडचण नाही.

देवास गेटच्या गल्ल्यांत आणखी एका रांगेतले पालक भेटतात, ते शिक्षण हक्काच्या 25 टक्के जागांसाठी अर्ज भरणारे. त्यांच्या मुलांची निवड ऑनलाइन लॉटरीने होते. कागद बरोबर असतील तर पुढचं सगळं नशिबावर. लॉटरी लागली की पेढे, नाही लागली की पुढच्या वर्षाची वाट. यात अन्याय दिसतो असं म्हणणारे लोक आहेत. गुणवत्ता कुठे गेली, असा त्यांचा प्रश्न असतो. मला मात्र लॉटरीच अधिक सभ्य वाटते. लॉटरीत नंबर लागला नाही म्हणून कुठली आई आपल्या मुलाला मंद समजत नाही. घरी परतताना ती मुलाचा हात तसाच धरते जसा जाताना धरला होता.

खरी विसंगती पुढे आहे. ज्या मुलांना तपासणीची गरज नाही त्यांना ती दारातच गाठते, आणि ज्यांना तिची नितांत गरज आहे त्यांचे पालक वर्षानुवर्षं ती शोधत फिरतात. मूल साडेतीन वर्षांचं झालं आणि वाक्य बोलत नाही. नातेवाईक म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. शाळा म्हणते, अजून तयार नाही, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी तीच शाळा म्हणते, वयाने मोठा झाला. या मुलाला हवा असतो तो कानांचा तपास, बोलण्याचे उपचार, आणि रीतसर घेतलेली, बिने-कामतसारखी चाचणी. तिच्या आधाराने प्रमाणपत्र मिळतं, सवलती मिळतात, आणि मुख्य म्हणजे पुढे काय करायचं ते कळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम याच कामासाठी 2013 मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरहून सुरू झाला. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी करायची आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी त्याची रचना आहे. खासगी नर्सरीतलं मूल या जाळ्याच्या बाहेर राहतं. त्याला सर्वांत आधी पाहणारी व्यक्ती म्हणजे प्रवेशाच्या टेबलामागे बसलेली बाई. तिने ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘याचे कान एकदा तपासून घ्या, जागा तुमची आहेच’ असं सांगितलं, तर त्या मुलाची दोन वर्षं वाचतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016च्या कायद्याने शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगितलंच आहे.

परदेशातल्या मराठी पालकांनाही हे चुकलेलं नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2021 पासून प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेत रिसेप्शनच्या वर्गात, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी, पहिल्या सहा आठवड्यांत एक चाचणी सक्तीची आहे. वीसेक मिनिटं, एका वेळी एक मूल, भाषा आणि गणित. फरक असा की ती प्रवेश झाल्यानंतर होते आणि तिच्यावर कुणाची जागा ठरत नाही. सात वर्षांनी शाळेने मुलांची प्रगती किती केली हे मोजायला ते आकडे सरकारजवळ राहतात. गुण पालकांना मिळत नाहीत, शिक्षकांना मिळतात फक्त काही वर्णनात्मक वाक्यं. तरीसुद्धा तिथल्या पालकांनी विरोध केला. एप्रिल 2019 मध्ये चार वर्षांची मुलं घेऊन ते पंतप्रधानांच्या घरापर्यंत गेले आणि हजारो सह्यांचं निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं होतं की पहिल्या सहा आठवड्यांत शिक्षकाने मुलाला रुळू द्यावं, तो वेळ आकड्यांवर खर्चू नये. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची अडचण तिथेही तीच, कारण चाचणी इंग्रजीत आहे. फक्त लंडनमधल्या आईला यादीची भीती नसते, उज्जैनमधल्या आईला असते.

उज्जैनमधल्या मराठी घरात परीक्षेची गोष्ट निघाली की गजानन माधव मुक्तिबोधांचं नाव यावं. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिणारे. वडील पोलिस खात्यात. 1930 साली याच शहरात गजानन मिडलच्या परीक्षेत नापास झाले, आणि पुढे त्या अपयशाला त्यांनी आपल्या आयुष्यातली महत्त्वाची घटना म्हटलं. नापास झाल्यामुळे ते मोठे कवी झाले असं कुणी समजू नये, तसं काही नसतं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की हिंदीतला एवढा मोठा कवी लहानपणचा तो निकाल विसरू शकला नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात जे इतकं खोल उतरतं, ते तीन वर्षांच्या मुलाच्या घरावर काय करत असेल?

याच शहरात शिकायची सुरुवात करण्याची एक जुनी रीत अजून चालते. वसंत पंचमीला सांदीपनी आश्रमात लोक लहान मुलांना घेऊन येतात, पाटीपूजन होतं, मुलाचा हात धरून पहिलं अक्षर गिरवलं जातं. कृष्ण, बलराम आणि सुदामा इथे शिकले अशी श्रद्धा आहे. जवळच अंकपात आहे. कृष्ण तिथे पाटी धूत असे म्हणतात. राज्य सरकारने 2025 मध्ये आपल्या सीएम राइज शाळांना ‘सांदीपनी विद्यालय’ हे नाव दिलं. पाटीपूजनाच्या दिवशी मुलाला काय येतं असं कुणी विचारत नाही. काही येत नाही म्हणूनच त्याला आणलेलं असतं. ही साधी गोष्ट दारातल्या तपासणीत उलटी होते: जे शाळेने शिकवायचं ते आधीच येत असेल तरच शाळा. त्यामुळे नर्सरीच्या आधी प्ले स्कूल, आणि त्याच्याही आधी घरी रंग-प्राण्यांची घोकंपट्टी. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरला बालशिक्षणाची जी वाट पाडली, ती मुलाच्या हाताला काम आणि मनाला मोकळीक देणारी होती. 1945 मध्ये ताराबाईंनी ती बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेली. बालवाडीची बाई मुलांना गोळा करायला स्वतः पाड्यावर जायची. निवड करायची कल्पनाच त्या कामात नव्हती.

सरकारी कागदांत आता सगळं बरोबर लिहिलेलं आहे. 2022च्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी चाचण्या आणि परीक्षा पूर्णपणे गैरलागू आहेत. शिक्षकाने मुलाचं खेळणं, बोलणं, चित्र काढणं पाहून नोंद ठेवावी. पहिलीत आलेल्या मुलांसाठी 2021 पासून ‘विद्याप्रवेश’ नावाची तीन महिन्यांची खेळातून तयारी आहे. पाहायचंच असेल तर ते इथे, वर्गात, जागा पक्की झाल्यावर पाहायचं. तीन महिन्यांनी आईवडिलांना बोलावून, त्यांना कळेल त्या भाषेत सांगायचं की तुमचं मूल काय करतं, कशाला घाबरतं, कशात रमतं. आयांच्या त्या तिसऱ्या गटाने मागितलं होतं ते हेच. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. वर्गात मुलं कमी लागतात आणि शिकवणाऱ्या बाईला वेळ लागतो, म्हणून ते महाग पडतं.

2020च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा एकच सलग टप्पा मानला आहे, आणि कायदा मात्र अजून सहाव्या वर्षापासूनच मुलाला ओळखतो. धोरणात मूल तिसऱ्या वर्षी विद्यार्थी झालं असेल तर कलम 13चं संरक्षणही त्याला तिसऱ्या वर्षापासून मिळायला हवं. दुरुस्ती एका ओळीची आहे. दिल्लीच्या न्यायालयाने ती 2013 साली सुचवली होती. संसदेत ती मांडायला खासदार लागतो, आणि उज्जैनला खासदार आहे, आमदार आहेत, प्रत्येक वॉर्डाला पार्षद आहे. येत्या प्रवेशाच्या मोसमात देवास गेटच्या पालकांनी फॉर्मच्या रांगेत उभं राहण्याआधी त्यांच्या दारात उभं राहावं आणि ही एक ओळ मागावी. महाराष्ट्रातल्या पालकांनीही मागावी, कारण भोक सगळीकडे एकच आहे.